पक्कडीचा देश

आकाराम सूर्यवंशी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण कुंडलमध्ये पेन्शन सुरू झाली की माणसाचा हुद्दा आपोआप वाढतो, त्यामुळं गावाच्या लेखी ते मेजर होते. चोवीस वर्षांच्या नोकरीत बंदूक चालवण्याचे प्रसंग त्यांच्यावर फारसे आले नाहीत. ते स्टोअरमध्ये होते. आलेला माल उलटापालटा करून बघायचा, तो जिथून आला म्हणतात तिथूनच आलाय का हे ठरवायचं, आणि मनात जरा किंतु आला की कागदावर लाल पेन्सिलीनं 'नापास' लिहायचं, हे त्यांच्या देशसेवेचं स्वरूप. निवृत्तीनंतर नापास करायला माल उरला नाही, तेव्हा त्यांनी मुलीची स्थळं बघायला घेतली.

चार स्थळं नापास झाली. पहिल्याच्या कागदावर उंची पाच फूट नऊ इंच लिहिली होती. मेजरांनी त्याला बोलता बोलता दाराच्या चौकटीला टेकून उभा केला, तो पाच-सात भरला. दुसऱ्याचं सगळं जुळत होतं आणि तेच मेजरांना खटकलं. तिसरा सारखा हसत होता. चौथा हसलाच नाही.

पाचवं स्थळ कोरेगावचं. वीरधवल नावाचा मुलगा, साताऱ्याच्या वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या दुरुस्त करायचा. कंपनीनं त्याला सहा महिने जर्मनीला शिकायला पाठवलं होतं. बघण्याच्या कार्यक्रमाला पोहे झाले, चहा झाला, मुलगा-मुलगी गच्चीवर जाऊन वीस मिनिटं बोलून आली. मेजरांच्या घड्याळात एकवीस. निघताना मुलाच्या आईनं पिशवीतून एक वस्तू काढून मेजरांच्या हातावर ठेवली.

"जर्मनीचं हाय, पाव्हणं. ह्यो येताना घेऊन आला. तुमास्नी असल्या हत्यारांची लय आवड हाय म्हनं."

ते मल्टीटूल होतं. तळहाताएवढं, घडी घातलेलं, हाताला गार आणि जड. उघडलं की मध्ये पक्कड, आणि दोन्ही मुठींच्या पोटात चाकू, करवत, कानस, दोन पेचकस, डबा फोडायचं पातं, आणि शिवाय एक असं पातं की ज्याचा उपयोग बनवणाऱ्यालाही ठाऊक नसावा. अंगावर कंपनीचं नाव, 'ब्रॅन्डोर्फ'.

वस्तू मेजरांना आवडली. आवडली म्हणूनच त्यांनी ती कपाटावर ठेवून दिली आणि दहा दिवस तिला हात लावला नाही. आवडलेला माल लगेच तपासायचा नसतो, तेव्हा नजर मऊ असते.

रविवारी सुपारी फोडायची ठरलं होतं. त्याच्या आधीच्या सोमवारी सकाळी मेजरांनी खाटेवर पांढरा टॉवेल अंथरला, भिंग घेतलं आणि तपासणीला बसले. एकेक पातं उघडलं, पुसलं, मिटलं. तासाभरानं त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "शालू, ह्याच्यावर देश न्हाई."

शालूबाई भाकरी थापत होत्या. "कुनावर?"

"जावयाच्या हत्यारावर. कंपनी हाय, देश न्हाई. आनि ऐक. देश हुता. कुनीतरी घासून काढलाय. रेघा दिसत्यात."

"दिसू द्यात," शालूबाई म्हणाल्या. तव्यावर भाकरी होती, आणि भाकरीपुढं जर्मनी काय आणि चीन काय.

मेजरांचं डोकं मात्र चालू झालं. देश घासला, म्हणजे तो सांगण्यासारखा नव्हता. सांगण्यासारखा नाही असा देश एकच. चीनचा माल जर्मनीचा म्हणून दिला, म्हणजे मुलगा जर्मनीला गेलाच नसणार. गेला नाही तर सहा महिने होता कुठं? घरापासून सहा महिने लांब राहायला लागतं अशी ठिकाणं मेजरांना दोनच माहीत होती, एक सैन्य आणि दुसरं जेल. सैन्यात तर तो नव्हता. दुपारच्या जेवणापर्यंत मुलाला शिक्षा झाली होती. संध्याकाळी चांगल्या वर्तणुकीबद्दल तो सुटूनही आला होता.

शिवांजली पलूसच्या हायस्कुलात गणित शिकवायची. ती घरी आली तेव्हा मेजर दारातच बसले होते.

"रविवारचं जरा लांबवूया म्हनतो."

शिवांजलीनं पर्स खुंटीला अडकवली. "काय सापडलं?"

मेजरांनी सांगितलं. ती शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "आप्पा, पहिल्या चौघांना तुम्ही नको म्हणालात, मी काही बोलले नाही. मलापण ते नको होते. हा मला पसंत आहे. ह्यालाही नको म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग सहावा दाखवायचा नाही. मला लग्नच नको. रविवारपर्यंत काय ते ठरवा."

"तसं न्हाई गं, खातरी नको व्हय करायला?"

"मग त्यालाच विचारा की सरळ. फोन आहे त्याच्याकडं."

"विचारलं की मानूस खोटं बोलतंय," मेजर म्हणाले. "वस्तू बोलत न्हाई."

"नाही ना बोलत? मग ती काय सांगणार आहे?" असं म्हणून ती आत गेली आणि त्या रात्री आप्पांना ताट शालूबाईंनी वाढलं.

मंगळवारी मेजर वस्तूला बोलती करायला सांगलीला गेले. गणपती पेठेच्या मागच्या बोळात रायगोंडा पाटलाचं हार्डवेअरचं दुकान होतं. अकरावीला दोघं एका बाकावर होते. पुढं एक सैन्यात गेला आणि एक गल्ल्यावर बसला. मेजरांचा पूर्ण विश्वास असलेला रायगोंडा हा जगातला एकमेव माणूस, आणि त्याच्याकडूनही ते पावती घेतल्याशिवाय खिळा नेत नसत.

"ह्याचा देश काढून दे," मेजर म्हणाले.

रायगोंडानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "कशाला रं? परत पाठवतोस काय त्याला?"

"पोरीचं लग्न अडलंय त्याच्यावर."

रायगोंडानं मग थट्टा केली नाही. त्यानं खणातून चार मल्टीटूलं काढली आणि काउंटरवर वर्तमानपत्र पसरून ओळीत मांडली. "हे अमेरिकेचं. हे स्वित्झर्लंडचं. हे तैवानचं. हे आपलं, पंजाबातलं. आनि हे तुझं बेवारशी. आता बघ."

मेजरांनी आधी खोके बघायला घेतले. पंजाबातल्या मालाच्या खोक्यावर बर्फाचा डोंगर होता. तैवानच्या खोक्यावर त्याहून मोठा डोंगर होता. अमेरिकेच्या खोक्यावर डोंगर नव्हता, झेंडा होता, आणि झेंड्याखाली मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं की काही भाग बाहेरून आणलेले आहेत.

"बाहेरनं म्हंजे कुठनं?"

"अमेरिकेच्या बाहेर सगळं जगच हाय की," रायगोंडा म्हणाला. "खोकं कशाला वाचतोस? ब्रँड म्हंजे आडनाव असतंय आकाराम. आडनावावरनं मानूस कळतोय व्हय?"

"आमच्यात कळतोय."

"मग तुझ्या जावयाचं आडनाव बघून सुपारी फोड की, माझ्याकडं कशाला आलास?"

रायगोंडाची परीक्षा तीन पेपरांची होती. पहिल्यात त्यानं पाचही पक्कडी मिटून एकेक उजेडाकडं धरली. पक्कडीचं नाक नीट मिटत असेल तर मधून उजेड दिसत नाही. पंजाबातल्या पक्कडीतून समोरच्या मिठाईच्या दुकानाची पाटी वाचता आली. बाकी चौघांतून काही दिसलं नाही. दुसऱ्या पेपरात जाड लोखंडी तार. अमेरिकेनं ती एका दाबात तोडली. स्वित्झर्लंडनंही तोडली, जरा सावकाश. तैवाननं तोडली, पण धारेवर बारीक खाच पडली. ब्रॅन्डोर्फनं तोडली आणि धारेवर काही पडलं नाही. पंजाबानं तार वाकवली. वर रायगोंडाचं म्हणणं असं, की ह्याचं पातं उघडायला दुसरं मल्टीटूल लागतं, म्हणून ते जोडीनं खपतं.

तिसरा पेपर लॉकचा. चाकूचं पातं पूर्ण उघडायचं, खट् असा आवाज होऊन ते अडकतं. मग पात्याची पाठ लाकडावर आपटायची. लॉक पक्कं असेल तर पातं मिटत नाही. कच्चं असेल तर मिटतं आणि मध्ये बोट असलं तर बोटासकट मिटतं. रायगोंडानं बोटं सांभाळून पाचही आपटली. ब्रॅन्डोर्फ हललंसुद्धा नाही.

"दुसरा नंबर," रायगोंडा म्हणाला. "अमेरिकेच्या मागोमाग. माल चांगला हाय, गड्या."

मेजरांचा चेहरा पडला. "मग घासलं का?"

"चांगला माल हाय म्हनतोय की."

"तेच तर. चांगला हाय तर देश का झाकलाय? कुठला हाय सांग."

"पोलाद बघून देश सांगायला मी काय जोशी हाय व्हय? चीनचा असंल. जर्मनीचा असंल. चीनमंदी दोन्ही मिळतंय बाबा, लय वाईट आनि लय चांगलं. मागंल तसं करून देत्यात. तैवान म्हनलो तर चालंल काय तुला?"

"तैवान चालंल. चीन न्हाई."

"आनि तुझ्या खिशातला फोन?"

"फोन पोरीनं घेतलाय," मेजर म्हणाले.

रायगोंडानं ब्रॅन्डोर्फ पुन्हा हातात घेतलं आणि दिव्याखाली मूठ वळवली. मग त्यानं मेजरांकडं बघितलं, मुठीकडं बघितलं, पुन्हा मेजरांकडं बघितलं.

"देश लिहिलाय की हितं."

"कुठं?" मेजर काउंटरवर ओणवे झाले.

"हे काय. कुंडल."

मुठीवर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेलं होतं, 'आ. ज्ञा. सूर्यवंशी, कुंडल'.

"ते न्हवं रं," मेजर म्हणाले. "ते आमचं नाव हाय. ते असतंयच."

आणि ते खरंच होतं. मेजरांच्या घरात नाव नसलेली वस्तू नव्हती. तांबे, वाट्या, घागरी, परात, पाण्याचा पंप, शेतातलं फावडं, शालूबाईंचा अडकित्ता, सगळ्यांवर हेच नाव. भावकीच्या लग्नाला दिलेली भांडी परत यायची तर नाव लागतंच, आणि मेजरांचा भावकीवर किती विश्वास होता हे वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं सकाळी तांब्यावर आपलं नाव बघून त्यांच्या डोळ्यांनी ते वाचणं सोडून दिलं होतं. भिंगाखाली त्यांना घासल्याच्या रेघा दिसल्या, रेघांवरचं नाव दिसलं नाही.

"हे नाव जर्मनीतनं कोरून आलंय काय?" रायगोंडानं विचारलं.

मेजरांनी कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला. "शालू," ते शेवटी म्हणाले.

परत येताना पलूसच्या पेठेत त्यांनी मोटरसायकल थांबवली. बाळासो भांडेवाला नाव घालायच्या मशीनवर एका कळशीला मांडीत धरून बसला होता.

"या मेजर! वैनींनी मागल्या आठवड्यात पोरीच्या लग्नाच्या घागरी आनल्या हुत्या. झाल्या न्हवं बरोबर?"

"घागरीसंगं एक पक्कड हुती?"

"हुती की. तिच्यावरबी नाव घाला म्हनल्या. पर जागाच न्हवती हो. कायतर बारीक इंग्रजी लिवलं हुतं. तुमचं नाव पडलं लांब. मग ग्राइंडर मारला आनि केली जागा."

"काय लिवलं हुतं इंग्रजीत?"

बाळासोनं मशीन बंद करून विचार केला. "पैलं 'मेड इन' हुतं."

"आनि म्होरं?"

"म्होरलं तुमच्या 'सूर्यवंशी'खाली गेलं की."

"पैलं अक्षर तरी? 'जी' हुतं का 'सी' हुतं?"

"मेजर, अक्षर अर्धं गोल हुतं. दोन्ही गोलच असत्यात. मी काय वाचत बसलो न्हाई, घासत बसलो."

घरी शालूबाईंनी गुन्हा लगेच कबूल केला. "तुमीच म्हनला हुता की, ह्या घरात आल्याली वस्तू नावाबिगर ठेवायची न्हाई म्हनून. मग जावयाची कशी ठेवू?" हुकूम मेजरांचाच होता.

मुलानं देश घासला नव्हता, एवढं सिद्ध झालं. माणसाला ह्यावर हायसं वाटायला पाहिजे. मेजरांना वाटलं नाही. आधी निदान संशयाला पुरावा होता. आता पुरावा त्यांच्याच नावाखाली गाडला गेला होता आणि संशय मोकळा हिंडत होता. बुधवार गेला, गुरुवार गेला. शिवांजली शाळेत जायची, यायची, आणि जेवताना फक्त मीठ मागायची. शुक्रवारी संध्याकाळी तिनं वह्या तपासता तपासता, मान वर न करता विचारलं, "उद्याचा एक दिवस राहिलाय, लक्षात आहे ना?"

शनिवारी सकाळी मेजरांनी रहिमतपूरमार्गे जाणारी गाडी पकडली. कोरेगावला कळवलं नाही. तपासणी कळवून करायची नसते.

वीरधवलची आई दारात तांदूळ निवडत होती. पाहुण्यांना एकटं, न कळवता, सुपारीच्या आदल्या दिवशी आलेलं बघून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. काय झालं असेल हे तिला कळेना आणि विचारायचा धीर होईना. तिनं चहा टाकला. पाहुणे साखर कमी म्हणाले की नको म्हणाले हेही तिला नीट ऐकू आलं नाही.

वीरधवल तासाभरानं आला. रात्रपाळी करून पठारावरून उतरला होता. डोळे लाल, बुटांवर तांबडी धूळ, पँटला ग्रीस. मेजरांना बघून तो दारातच थबकला, मग आत येऊन पाया पडला.

मेजरांनी खिशातून ब्रॅन्डोर्फ काढून टेबलावर ठेवलं. चोवीस वर्षांत त्यांनी मालाबद्दल मालाला विचारलं होतं, माणसाला कधीच नाही. त्यामुळं त्यांना सुरुवात कशी करायची ते कळेना.

"हे कुठल्या देशाचं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चीनचं, मामा," वीरधवल म्हणाला.

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

"तुझी आई तर जर्मनीचं म्हनली."

"आईला तिकडनं आलेलं सगळं जर्मनीचं वाटतं. मी आलो तवा चार दिवस मलाबी परदेशी पाव्हणा समजून वाढत हुती. ब्रेमेनच्या दुकानात घेतलंय. तिथं निम्मा माल चीनचाच असतोय. त्यावर लिहिलंय की, मेड इन..." त्यानं मूठ वळवली आणि थांबला. "हे काय?"

"ते असूदे," मेजर घाईनं म्हणाले. "त्याच दुकानात ह्याच्यापेक्षा चांगलं न्हवतं?"

"हुतं."

"मग?"

वीरधवलनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. दार किलकिलं होतं आणि फटीत पदर दिसत होता. त्यानं मान खाली घातली, पण आवाज खाली आणला नाही. "चांगलं मी मला ठेवलं, मामा. मी अडीचशे फुटांवर काम करतो. वर वारं असतं, एका हातानं शिडी धरायची असते. तुमी ते खाटेवर बसून वापरणार. दोन्ही चांगली घेण्याएवढे पैसे तवा जवळ न्हवते, मग एक ठरवायला लागलं. राग आला आसंल तर सांगा. पर हे असंच हाय."

मेजरांनी असलं उत्तर आयुष्यात ऐकलं नव्हतं. माल देणारा प्रत्येक माणूस, तुम्हाला दिला तोच सगळ्यात भारी, असं म्हणत आला होता. हा म्हणत होता, भारी माझ्याकडं आहे. ह्यात फसवणूक कुठं असेल ह्याचा त्यांनी मनातल्या मनात चारी बाजूंनी शोध घेतला. सापडली नाही. एका माणसाला शिडीवर बघण्याची मात्र त्यांना सवय नव्हती, आणि आता तो दिसायला लागला: एका हातानं शिडी धरलेला, खाली आख्खा सातारा, आणि त्या खालच्या कुठल्यातरी घरात शिवांजली.

"तुझं दाखव," ते म्हणाले.

वीरधवलनं पट्ट्याचं कातडी पाकीट उघडून आपलं मल्टीटूल दिलं. अमेरिकेचं. देश ठळक अक्षरांत, कुणी घासलेला नाही. मेजरांनी पक्कड मिटून खिडकीकडं धरली. उजेड आला नाही. त्यांनी चाकू पूर्ण उघडला, खट् झालं. मग त्यांनी बोटं बाजूला घेतली आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर आपटली.

पातं मिटलं.

त्यांनी पुन्हा उघडून आपटलं. पुन्हा मिटलं.

"कवापासनं हाय हे असं?"

"झालं की दोन-तीन महिनं. वापरून वापरून जरा ढिलं पडलंय. सवय झाली, मी सांभाळून..."

"सांभाळून?" मेजर उठून उभे राहिले. "एका हातानं शिडी, एका हातात ह्ये, आनि सांभाळतोस कुठल्या हातानं? बोट गेल्यावर शिडी कशानं धरणार? लाज वाटत न्हाई? घरात मानसं न्हाईत व्हय तुला?"

वीरधवलची आई दाराच्या बाहेर आली. सुपारी मोडायला आलेला माणूस आपल्या मुलाला आपल्यासारखंच बोलतोय हे बघून तिनं पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि परत आत जाऊन भाताला आधण ठेवलं.

मेजरांनी अमेरिकेचं मल्टीटूल मिटून स्वतःच्या खिशात टाकलं. वीरधवलनं हात पुढं केला होता तो तसाच राहिला. टेबलावरचं ब्रॅन्डोर्फ उचलून त्यांनी त्या हातावर ठेवलं. "तवर ह्ये वापर. ह्याचं लॉक मी बघितलंय."

मग त्यांनी अंगणात जाऊन फोन लावला. शिवांजलीनं पहिल्याच घंटेला उचलला.

"काय झालं आप्पा?"

"ह्याचं लॉक बाद हाय."

ती हळू म्हणाली, "म्हणजे नाही."

"म्हंजे बुधवारी त्याला घेऊन रायगोंडाकडं जायाचंय, नवीन बघाया. शाळेतनं सुट्टी काढ, तूबी चल. उद्या सुपारीला मानसं किती येनार ते तुझ्या आईला इचार, हितं त्याची आई मला जेवल्याबिगर सोडायची न्हाई, म्हनून उशीर हुईल."

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला, तो फोनचाही असेल.

"कुठल्या देशाचं घ्यायचं आप्पा?"

"चार-पाच काढाय लावू," मेजर म्हणाले. "आपटून बघायची. मिटनार न्हाई ते घ्यायचं."